ग्रीस आणि पर्शिया युद्ध (इ. स. पू. ४९९ ते ४७९): वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वाचकांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीला साधे प्रश्न, पुढे खाचाखोचांचे. एकाच गोष्टीची द्विरुक्ती नको म्हणून जागोजागी दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. आकडे हिरोडोटस या प्राचीन ग्रीक इतिहासकाराचे असतील तिथे तसं म्हटलं आहे, कारण त्याचे आकडे हाच एक स्वतंत्र प्रश्न आहे (प्रश्न ६).

१. हे युद्ध नेमकं कधी झालं? मॅरेथॉन आणि थर्मोपिली एकाच स्वारीतल्या लढाया का?

नाही, दोन वेगळ्या स्वाऱ्या. मध्ये दहा वर्षांचं अंतर आणि पर्शियाचा राजाही वेगळा.

पहिली स्वारी इ. स. पू. ४९० ची, डरायसच्या काळातली. फौज जहाजांतून एजियन समुद्र ओलांडून आली आणि मॅरेथॉनच्या किनाऱ्यावर हरून परत गेली. त्याआधी ४९२ मध्ये पर्शियन सेनापती मार्डोनियस खुष्कीच्या मार्गाने निघाला होता, पण अथॉसच्या भूशिरापाशी वादळात त्याचं आरमार फुटलं. डरायस ४८६ मध्ये वारला. दुसरी स्वारी त्याचा मुलगा झर्क्सीझ याची. ४८० च्या उन्हाळ्याअखेर थर्मोपिली आणि आर्टेमिसियम, सप्टेंबरअखेर सालामिस, आणि ४७९ मध्ये प्लाटीया व मिकाली. इसवी सनापूर्वीची वर्षं उतरत्या क्रमाने मोजायची, म्हणजे ४९० आधी आणि ४८० नंतर. इथे अनेकांची गल्लत होते.

२. एवढ्या मोठ्या साम्राज्याचं अथेन्ससारख्या एका शहराशी काय वाकडं होतं?

आजच्या तुर्कस्तानच्या पश्चिम किनाऱ्यावरची आयोनियन ग्रीक शहरं पर्शियाच्या ताब्यात होती. ४९९ मध्ये त्यांनी बंड केलं. अथेन्सने २० आणि एरेट्रियाने ५ जहाजं मदतीला पाठवली. ४९८ मध्ये बंडवाल्यांनी प्रांताची राजधानी सार्डिस जाळली. ४९४ मध्ये लाडेच्या आरमारी लढाईत बंड मोडलं आणि मायलीटस शहर पडलं.

अथेन्सची जहाजं तोवर केव्हाच घरी परतली होती, पण सार्डिसचा हिशेब राहिला तो राहिलाच. ‘धनी, अथेन्सवाल्यांना विसरू नका,’ असं रोज जेवताना तीनदा सांगायला डरायसने एक चाकर ठेवला होता, असं हिरोडोटस लिहितो. सूड हे एकच कारण मात्र नव्हतं. पलीकडच्या किनाऱ्यावर स्वतंत्र ग्रीक शहरं असली की अलीकडची शहरं पुन्हा उठणार, हे दरबारात कोणालाही दिसत होतं.

३. सगळे ग्रीक एकजुटीने लढले ना?

नाही. ग्रीस नावाचा एक देश तेव्हा नव्हता, शेकडो स्वतंत्र नगरराज्यं होती. ४८१ मध्ये कॉरिंथजवळच्या इस्थमसवर (दोन समुद्रांमधल्या अरुंद भूपट्टीवर) जी युती झाली तिच्यात स्पार्टा, अथेन्स, कॉरिंथ, एजायना अशी मोजकी राज्यं होती. विजयस्तंभावर फक्त ३१ नावं आहेत (प्रश्न १७). थेसली आणि थीब्ज पर्शियाच्या बाजूने गेले, आर्गॉस बाजूला बसलं आणि सिसिलीतल्या सिराक्यूजचा गेलॉन सेनापतिपदाच्या मानापमानावरून आलाच नाही. आयोनियन ग्रीक तर पर्शियन आरमारातच वल्ही मारत होते.

थेसलीला मात्र सरसकट फितूर म्हणणं जरा अन्यायाचं. युतीने आधी १०,००० हॉप्लाइट (ढाल-भाल्याचे जड पायदळ) उत्तरेला टेंपेच्या खिंडीत पाठवले होते. बगलेने दुसरी वाट आहे असं कळल्यावर ते माघारी आले. मागे राहिलेल्या थेसलीकरांपुढे मग शरण जाण्यावाचून काही उरलं नाही.

४. पर्शियाच्या वकिलांना स्पार्टाने विहिरीत ढकललं, हे झर्क्सीझच्या वेळचं का?

डरायसच्या वेळचं. ‘माती आणि पाणी’ द्या, म्हणजे अंकित व्हा, अशी मागणी घेऊन डरायसचे वकील आले होते. अथेन्सने त्यांना गुन्हेगारांच्या खड्ड्यात टाकलं आणि स्पार्टाने विहिरीत: ‘माती-पाणी तिथूनच घ्या.’ पडद्यावर हा प्रसंग थर्मोपिलीला चिकटवतात, ते चूक. झर्क्सीझने या दोन शहरांकडे वकील पाठवलेच नाहीत. उलट, वकिलाला मारणं हे पाप म्हणून स्पार्टाने प्रायश्चित्तासाठी स्पर्थिआस आणि बुलिस हे दोघे त्याच्याकडे मरायला पाठवले. तुमचं पाप मी माझ्या अंगाला लावून घेणार नाही, असं सांगून झर्क्सीझने त्यांना परत लावून दिलं.

५. मॅरेथॉनहून अथेन्सला धावत येऊन ‘जिंकलो’ म्हणत प्राण सोडणारा माणूस खरा का?

पुरावा कच्चा आहे. हिरोडोटसकडे धावणारा आहे तो फिलिपिडीझ (काही प्रतींत फिडिपिडीझ), आणि तो धावला अथेन्सहून स्पार्टाला, लढाईच्या आधी मदत मागायला. साधारण २४० किलोमीटर, दुसऱ्या दिवशी पोहोचला. धर्मविधीमुळे पौर्णिमेआधी निघता येत नाही, असं स्पार्टाने सांगितलं. त्यांचे २,००० लोक आले तेव्हा लढाई उरकली होती. त्यांनी रणांगणावरची पर्शियन प्रेतं पाहिली, अथेन्सचं कौतुक केलं आणि परत गेले.

अथेन्सला येऊन कोसळणारा धावपटू लढाईनंतर सहाएकशे वर्षांनी प्लुटार्क आणि ल्युशियन यांच्या लिखाणात दिसतो. १८९६ च्या ऑलिंपिकची शर्यत याच कथेवरून ठरली, तेव्हा अंतर सुमारे ४० किलोमीटर होतं. ४२.१९५ चा आकडा १९०८ च्या लंडन ऑलिंपिकचा. त्याचा ग्रीसशी काही संबंध नाही.

जोडून येणारा प्रश्न: मॅरेथॉन आणि मराठा या शब्दांचा संबंध आहे का? नाही. ग्रीकमध्ये ‘मॅरेथॉन’ म्हणजे बडीशेप. गावाचं नाव त्यावरून.

६. झर्क्सीझची फौज ५० लाखांची होती, असं वाचलं. शक्य आहे का?

नाही. हिरोडोटसचा एकूण आकडा ५२,८३,२२० आहे. त्यात लढणारे निम्मे, बाकी बाजारबुणगे. मोजणी कशी झाली, तेही तो सांगतो. थ्रेसमधल्या डोरिस्कस इथे १०,००० माणसं दाटीवाटीने उभी केली, त्यांच्याभोवती वर्तुळ आखलं, माणसांना बाहेर काढून त्या रेघेवर बेंबीपर्यंत उंच गडगा घातला. मग त्या कोंडवाड्यात फौज भरायची, रिकामी करायची, पुन्हा भरायची. असं १७० वेळा, म्हणजे १७ लाख पायदळ. पद्धत वाईट नाही, पण दर वेळी कोंडवाडा तितकाच गच्च भरला का, हे बघायला कोण उभं होतं?

आता दाण्याचा हिशेब करा. माणशी रोज एक खोइनिक्स गहू (जेमतेम एक लिटरचं माप) धरून हिरोडोटस रोजचे १,१०,३४० मेडिम्नॉस काढतो. एका मेडिम्नॉसचे ४८ खोइनिक्स. भागाकार करून पाहिला तर उत्तर १,१०,०६७ येतं. गुरुजींचा हातचा चुकला आहे. शिवाय बायका, ओझ्याची जनावरं आणि कुत्री आपण धरलेलीच नाहीत, असंही तोच म्हणतो. इतकी माणसं पाच-पाचच्या ओळीने दीड मीटर अंतर ठेवून चालली, तर रांग दीड हजार किलोमीटरच्या वर जाते. डोकं अथेन्समध्ये आणि शेपूट अजून आशियात!

आजचे बहुतेक अभ्यासक एक ते दोन लाखांच्या आसपास थांबतात. तेवढी फौज पोसणंही सोपं नव्हतं. म्हणून थ्रेसच्या किनाऱ्याने आधीच धान्याची कोठारं भरून ठेवली होती आणि वाटेतल्या शहरांवर जेवणाची पाळी लावली होती. थासॉसला एका मुक्कामाचा खर्च ४०० टॅलंट (वजनाचं माप, प्रश्न ७) चांदी आला. राजा दिवसातून एकदाच जेवतो याबद्दल देवाचे आभार माना, असं अब्डेरा गावचा मेगाक्रिऑन गावकऱ्यांना म्हणाला. सकाळचीही पंगत मागितली असती तर गावच बसलं असतं.

७. समुद्रावर पूल बांधला म्हणजे नक्की काय केलं? आणि समुद्राला फटके?

हेलेस्पाँट (आजची दार्दानेल्स) ही आशिया आणि युरोप यांच्यामधली सामुद्रधुनी. अबायडॉसपाशी तिची रुंदी हिरोडोटसच्या मते सात स्टेडियम, म्हणजे सव्वा किलोमीटरच्या थोडी पुढे. पहिले पूल झाले आणि वादळाने तुटले. त्यानंतर झर्क्सीझने पाण्याला ३०० फटके मारवले, पाण्यात बेड्या टाकल्या आणि पुलावरच्या मुकादमांची डोकी उडवली. पाण्याला बेड्या म्हणजे आपल्याला वेडेपणा वाटतो. त्या काळी तो बंडखोराला शिक्षा केल्याचा जाहीर देखावा असावा.

दुसऱ्या वेळची रचना मात्र पाहण्यासारखी आहे. दोन पूल. काळ्या समुद्राच्या बाजूला ३६० आणि एजियनच्या बाजूला ३१४ जहाजं, प्रवाहाच्या दिशेने तोंड करून शेजारी शेजारी नांगरलेली. नांगर लांब आणि दोन्ही बाजूंनी, कारण वारा दोन्हीकडून येतो. वरून किनाऱ्यापासून किनाऱ्यापर्यंत दोरखंड, लाकडी रहाटांनी ताणलेले. पहिल्या वेळी एका पुलाला जवसाचे (फ्लॅक्सचे) आणि दुसऱ्याला पपायरसचे दोर होते. आता प्रत्येक पुलाला दोन जवसाचे आणि चार पपायरसचे, म्हणजे एका जातीने दगा दिला तर दुसरी धरेल. जवसाचा दोर इतका जाड की हातभर लांबीला एक टॅलंट, म्हणजे २५ किलोच्या वर वजन. दोरांवर फळ्या, फळ्यांवर झुडपं, त्यावर माती चोपून रस्ता. दोन्ही कडांना कुंपण, नाहीतर घोडे आणि ओझ्याची जनावरं पाणी बघून बुजतात. लहान होड्यांना ये-जा करायला मध्ये फटीही ठेवल्या होत्या.

पायदळ आणि घोडदळ काळ्या समुद्राकडच्या पुलावरून, सामान आणि नोकरचाकर दुसऱ्यावरून गेले. सात दिवस, सात रात्री, न थांबता. परत येताना पूल जाग्यावर नव्हते, पुन्हा वादळ. राजाला जहाजाने उतरावं लागलं.

८. अथॉसचा कालवा खरंच खणला होता की दंतकथा?

खरंच. भूशिराच्या मानेवर सुमारे दोन किलोमीटर लांबीचा, तीन वर्षांचं काम. आज तो गाळाने बुजलेला आहे, पण जमिनीखालच्या थरांच्या तपासणीत सापडला आहे. ४९२ सारखं आरमार पुन्हा अथॉसला वळसा घालताना फुटू नये, हा हेतू.

विहीर किंवा पाट खणणाऱ्याला पटेल असा एक तपशील: बाकीच्या टोळ्यांनी वर जेवढी रुंदी तेवढीच खाली ठेवून कडा उभ्या कापल्या, आणि दरड कोसळून काम दुप्पट झालं. फिनिशियनांनी वरचं तोंड दुप्पट रुंद धरलं आणि उतार देत खाली निमुळतं आणलं. त्यांची कड पडली नाही.

९. ट्रायरीम म्हणजे कसलं जहाज? त्यात तोफा होत्या का?

तोफा दोन हजार वर्षं दूर होत्या. ट्रायरीमचं हत्यार म्हणजे नाळेवर पाण्याच्या पातळीला बसवलेली काशाची टक्कर-चोच. जहाज हाच बाण, आणि तो सोडणारी १७० माणसं.

तीन मजल्यांवर वल्हेकरी: वर ६२, मध्ये ५४, तळाला ५४, प्रत्येकाच्या हाती एक वल्हं. वरती डेकवरचे सैनिक, सुकाणूवाला, ताल देणारा बासरीवाला वगैरे धरून सुमारे २०० माणसं. लांबी ३५ ते ३७ मीटर. वल्हेकऱ्याच्या मालकीचं सामान तीन वस्तूंचं: वल्हं, ते अडकवायचा चामडी पट्टा आणि बुडाखालची गादी. हे वल्हेकरी बहुतांशी गरीब पण स्वतंत्र नागरिक. साखळीने बांधलेले गुलाम हे चित्र पुढच्या काळातलं आहे.

दोष मोठे आहेत आणि ते कळल्याशिवाय सालामिस कळत नाही. जहाज हलकं ठेवायचं म्हणून आत झोपायला, रांधायला जागा नाही. जेवणाला आणि रात्रीला किनारा गाठावाच लागतो. लाकूड पाणी पितं, ओढून वाळवलं नाही तर जहाज जड होतं. १९८७ मध्ये ग्रीसमध्ये बांधलेल्या ‘ऑलिंपियास’ या प्रतिकृतीवरच्या चाचण्यांत उन्हात वल्हवणाऱ्याला तासाला लिटरभर पाणी लागतं असं दिसलं. म्हणजे एका जहाजाला तासाला १७० लिटर! ज्याच्या ताब्यात किनारा आणि गोडं पाणी, त्याचंच आरमार टिकणार.

१०. अथेन्सकडे एवढी जहाजं अचानक कुठून आली?

अथेन्सच्या ताब्यातल्या लॉरिऑनच्या खाणींतल्या चांदीतून. ४८३ च्या सुमारास तिथे मोठी शीर लागली. आलेले पैसे नागरिकांना माणशी १० द्रॅक्मा (चांदीची नाणी) वाटायचे, असा विचार चालला होता. अथेन्सचा पुढारी थेमिस्टोक्लीझ याने ते वाटप थांबवून जहाजं बांधायला लावली. पर्शियाचं नाव त्याने काढलं नाही, कारण तो धोका लोकांना लांबचा वाटत होता. शेजारच्या एजायना बेटाशी चालू असलेलं भांडण पुढे केलं. हिरोडोटस २०० जहाजं म्हणतो, दुसऱ्या एका जुन्या नोंदीत १०० आहेत. हातात आलेले दहा द्रॅक्मा लोकांकडून सोडवून घेणं हे मला सालामिसइतकंच अवघड वाटतं.

११. थर्मोपिलीला फक्त ३०० जण होते ना?

३०० फक्त स्पार्टाचे. हिरोडोटसची यादी अशी: स्पार्टा ३००, टेजिया ५००, मँटिनिया ५००, ऑर्कोमेनस १२०, उरलेलं आर्केडिया १,०००, कॉरिंथ ४००, फ्लिअस २००, मायसीनी ८०. हे पेलोपोनीझचे (ग्रीसच्या दक्षिण द्वीपकल्पाचे) ३,१००. वर थेस्पिया ७००, थीब्ज ४००, फोकिस १,००० आणि लोक्रिसची सगळी फौज. एकूण सहा-सात हजार.

शेवटच्या दिवशी वेढा पडतोय हे कळल्यावर स्पार्टाचा राजा लिओनिदास याने बहुतेकांना परत पाठवलं. मागे राहिले स्पार्टन, थेस्पियाचे ७०० आणि थीब्जचे ४००, शिवाय स्पार्टनांचे हेलॉट चाकर, ज्यांची नीट गणतीही कोणी ठेवली नाही. थेस्पिया हे छोटं गाव. तिथले ७०० म्हणजे हाती शस्त्र धरू शकणारे जवळपास सगळे. ते स्वखुशीने थांबले, आणि नाव ३०० चं झालं.

मराठी वाचक हमखास पावनखिंडीशी तुलना करतात. खिंड अडवून वेळ मिळवणं इथपर्यंत ती बसते. पण बाजीप्रभूंचं काम ठरलेलं होतं: महाराज विशाळगडावर पोहोचेपर्यंत तग धरायची, आणि ते साधलं. लिओनिदासला मागून मोठी फौज येणार होती. स्पार्टात कार्नेआचा सण आणि इतरत्र ऑलिंपिकचे खेळ उरकेपर्यंत ती निघाली नाही.

१२. नकाशावर थर्मोपिलीला तर मोठं मैदान दिसतं. खिंड कुठे आहे?

मैदान नंतरचं. स्पर्किऑस नदीच्या गाळाने किनारा काही किलोमीटर पुढे सरकला आहे. तेव्हा एका हाताला डोंगर, दुसऱ्या हाताला समुद्र आणि मध्ये पंधराएक मीटरची पट्टी होती. दोन ठिकाणी तर एकच गाडी जाईल इतकी अरुंद. गरम पाण्याचे झरे आजही वाहतात. थर्मोपिली म्हणजे ‘गरम दरवाजे’.

अशा जागी घोडदळ निकामी होतं आणि संख्या मागेच उभी राहते. पुढच्या रांगेत ग्रीकांचे भाले लांब, ढाली मोठ्या, अंगात काशाचं कवच. समोर वेताच्या ढाली आणि आखूड भाले. स्पार्टन मुद्दाम पळाल्यासारखं करत आणि पाठलाग विस्कळीत झाला की एकदम वळत. दोन दिवस हे चाललं. तिसऱ्या दिवशी ट्रॅकिसच्या एफिआल्टीझने दाखवलेल्या अनोपाया या डोंगरवाटेने हिडार्नीझ आपले ‘अमर’ (१०,००० ची निवडक तुकडी) घेऊन पाठीमागे उतरला. ती वाट ग्रीकांना माहीत होती, फोकिसचे १,००० लोक तिथे ठेवलेही होते. पहाटे पाचोळ्याचा आवाज ऐकून ते जागे झाले, शत्रू आपल्यावरच आला असं समजून शिखरावर चढले आणि वाट मोकळी पडली. हिडार्नीझने त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. दोष सगळा एफिआल्टीझवर टाकण्याची पद्धत आहे. चौकी जागची हलली, हे कोणी फारसं बोलत नाही.

१३. आर्टेमिसियमचं नाव का ऐकू येत नाही?

कारण तिथे कोणी जिंकलं नाही. पण थर्मोपिली आणि आर्टेमिसियम हे एकाच दाराचे दोन अडसर होते. आरमार हटलं असतं तर खिंडीच्या मागे जहाजांतून फौज उतरली असती. ग्रीकांकडे सुरुवातीला २७१ ट्रायरीम होत्या, पैकी १२७ अथेन्सच्या. तीन दिवसांच्या झुंजीनंतर, खिंड पडल्याची बातमी आली त्या रात्री ते निघून आले. अथेन्सची निम्मी जहाजं नादुरुस्त झाली होती.

खरा फटका वाऱ्याने दिला. सेपिअसच्या किनाऱ्यावर वाळू थोडी आणि जहाजं फार, म्हणून पर्शियनांनी ती एकामागे एक आठ रांगांत नांगरली. पहाटे ईशान्येचा वारा सुटला तो तीन दिवस. बाहेरच्या रांगांना ओढून घ्यायला किनाराच नव्हता. हिरोडोटस ४०० जहाजं बुडाल्याचं सांगतो, आणि यूबिया बेटाला वळसा घालून मागून यायला पाठवलेली २०० वेगळी.

१४. सालामिसला मोठं आरमार का हरलं?

अथेन्स रिकामं झालं होतं. बायकामुलं ट्रिझेनला आणि एजायना व सालामिस या बेटांवर गेली होती. अॅक्रोपोलिस जळत होता. पेलोपोनीझवाल्यांना इस्थमसला जाऊन लढायचं होतं, तिथला समुद्र मोकळा. मोकळ्या पाण्यात संख्येने वेढलं जाऊ, हे थेमिस्टोक्लीझचं म्हणणं स्पार्टाचा नौसेनापती युरिबायडीझ याला पटवताना रात्र झाली. शेवटी त्याने मुलांचा शिक्षक असलेला आपला गुलाम सिकिनस होडीतून शत्रूकडे पाठवला. निरोप असा: ग्रीक घाबरलेत, रात्रीतच पळणार आहेत.

पर्शियन जहाजं त्या रात्री सामुद्रधुनीची तोंडं अडवायला बाहेर पडली. प्रश्न ९ आठवा: वल्हेकऱ्यांना झोप नाही, जेवण नाही, जहाज ओढून वाळवणं नाही. ग्रीक मात्र रात्रभर किनाऱ्यावर. सकाळी पर्शियन रांगा दीडएक किलोमीटरच्या चिंचोळ्या पाण्यात शिरल्या. समोरची जहाजं मार खाऊन वळू लागली, आणि इगालिऑस डोंगराखाली बसलेल्या राजाला पराक्रम दिसावा म्हणून मागची पुढे रेटत राहिली. एकमेकांची वल्ही मोडली. वल्ही मोडलेली ट्रायरीम म्हणजे उभं लाकूड. बुडालेल्यांत पर्शियन जास्त, कारण पुष्कळांना पोहता येत नव्हतं.

ग्रीक जहाजांचा आकडा हिरोडोटस ३७८ देतो, पण त्याच्याच तपशिलाची बेरीज ३६६ भरते. पर्शियन बाजूला हॅलिकर्नॅससची राणी आर्टेमिसिया होती. लढू नका, असा सल्ला देणारी ती एकटी. पाठलागातून सुटायला तिने आपल्याच बाजूचं एक जहाज धडक देऊन बुडवलं. मागच्या ग्रीकाला वाटलं ही आपली, राजाला वाटलं तिने शत्रूचं जहाज बुडवलं.

तारखेसाठी एक धागा आहे. त्यानंतर थोड्याच दिवसांत इस्थमसवर स्पार्टाचा क्लिओम्ब्रोटस यज्ञ करत असताना सूर्य काळवंडला. ते खंडग्रास ग्रहण २ ऑक्टोबर ४८० चं.

१५. सालामिसनंतर पर्शियन हरून गेले, मग प्लाटीया कशासाठी?

राजा गेला, फौज नाही. मार्डोनियस निवडक लोक घेऊन थेसलीत हिवाळाभर राहिला आणि ४७९ मध्ये त्याने अथेन्स पुन्हा घेतलं. जमिनीवर त्याला हरवल्याशिवाय काही संपणार नव्हतं.

प्लाटीयाजवळ दोन्ही फौजा असोपॉस नदीच्या दोन बाजूंना दहा-बारा दिवस नुसत्या बसून होत्या. दोन्हीकडचे शकुन एकच सांगत: जो नदी ओलांडेल तो हरेल. मार्डोनियसनेही ग्रीक ज्योतिषीच ठेवला होता! या बसण्यात त्याच्या घोडदळाने सिथेरॉनच्या घाटात रसदीची ५०० जनावरं पकडली आणि मग गार्गाफिआचा झरा बुजवून टाकला. ग्रीकांकडे ३८,७०० हॉप्लाइट आणि त्याहून जास्त हलके सैनिक. तितक्यांना पाणी नाही, दाणा नाही. ग्रीकांचा स्पार्टन सेनापती पॉसेनिअस याने रात्री मागे सरकायचा हुकूम दिला आणि सगळा घोळ झाला. मधली फळी भलतीकडे गेली, अमोम्फारेटस नावाचा स्पार्टन अधिकारी ‘मी पाठ दाखवणार नाही’ म्हणून हटून बसला. उजाडलं तेव्हा ग्रीक तीन तुकड्यांत विखुरलेले होते.

मार्डोनियसला वाटलं पळाले, आणि तो नदी ओलांडून अंगावर आला. स्पार्टन ढालींमागे बाण सोसत बसले, शकुन अनुकूल होईपर्यंत. मग भिडले. वेताच्या ढालींचा कोट मोडला, पांढऱ्या घोड्यावरचा मार्डोनियस पडला, आणि फौज फुटली. ठरवून केलेली माघार फसली म्हणून लढाई जिंकली गेली, असं म्हटलं तर फार चूक नाही.

१६. पर्शियाच्या फौजेत भारतीय होते, हे खरं का? आणि ‘यवन’ हा शब्द इथूनच आला का?

दोन्ही खरं. गांधार आणि सिंधूकाठ (हिंदुश) हे साम्राज्याचे प्रांत होते. हिरोडोटसच्या वर्णनात भारतीय सैनिक सुती कपड्यांत आहेत, वेताची धनुष्यं, लोखंडी टोकाचे वेताचे बाण. लोकर आणि कातडी घातलेल्या त्या गर्दीत सुती कपडा उठून दिसला असणार. मार्डोनियसने मागे ठेवलेल्या लोकांत भारतीय होते आणि प्लाटीयाच्या रांगेतही. फौजेबरोबर भारतीय कुत्रीही आणली होती.

आयोनियनांना जुन्या पर्शियनमध्ये ‘यौन’ म्हणत. आपला ‘यवन’ त्याचाच भाऊबंद. कार्ले लेण्यात धेनुकाकटच्या यवनांनी दान दिलेले खांब आहेत. प्रांताधिकाऱ्याचा पर्शियन हुद्दा पुढे ‘क्षत्रप’ झाला. नाशिकच्या लेण्यांतल्या लेखांमधला क्षहरात नहपान ‘क्षत्रप’ म्हणवतो तो त्याच शब्दाने. मुंबईच्या पारशांचं मात्र असं थेट सांगू नका. धर्माची परंपरा अहुरमज्दाची, पण त्यांचं स्थलांतर सासानी साम्राज्य पडल्यानंतरचं, या युद्धाच्या हजारावर वर्षांनी.

१७. पाहण्यासारखं आज काय उरलं आहे?

मॅरेथॉनला १९२ अथेनियन मृतांचा मातीचा ढिगारा आहे, साधारण नऊ मीटर उंच. थर्मोपिलीच्या टेकडीवर १९३९ च्या उत्खननात काशाची बाणाग्रं ढिगाने सापडली. सगळ्यात मोलाची वस्तू ग्रीसमध्ये नाही. तीन नागांचे पीळ घातलेला काशाचा विजयस्तंभ प्लाटीयानंतर डेल्फीला उभारला होता, तो सम्राट कॉन्स्टंटाइनने आपल्या नव्या राजधानीत नेला. आज तो इस्तंबूलच्या जुन्या घोडेशर्यतींच्या मैदानात उभा आहे. नागांची डोकी गेली आहेत, एकाचा वरचा जबडा तिथल्याच संग्रहालयात आहे.

१८. त्या स्तंभावर टेनोस बेटाचं नाव कसं? टेनोस तर पर्शियाकडून लढलं.

बरोबर, लढलं. पण सालामिसच्या आदल्या रात्री टेनोसची एक ट्रायरीम पर्शियन आरमार सोडून ग्रीकांकडे आली. आपण सगळीकडून वेढले गेलो आहोत, हे अथेन्सच्या अॅरिस्टायडीझने येऊन सांगितलं तरी पुष्कळांना पटलं नव्हतं. या जहाजाने आणलेल्या बातमीने पटलं. कप्तानाचं नाव पॅनाइटिअस. त्या एका जहाजाबद्दल टेनोसचं नाव कोरलं गेलं. सालामिसला एक जहाज पाठवणाऱ्या सेरिफॉसचं आणि इटलीहून एक जहाज घेऊन आलेल्या क्रोटॉनचं नाव मात्र स्तंभावर नाही.